हलायचं नाही

पहिली गाठ सैल वाटली म्हणून वहिनीने ती सोडवली आणि ओढणी पुन्हा आवळली. मोटरसायकलच्या सीटमागे लोखंडी दांडी होती, तिला वन्संची दोन्ही मनगटं बांधून झाली. उरलेलं टोक तिने आत खोचलं, गच्च बोचकं बांधून झालं की खोचतात तसं.

"रुततंय का?"

"थोडं."

"रुतू दे. पण हलायचं नाही, वन्सं."

"नाही हलत."

वन्सं दोन्हीकडे पाय टाकून ताठ बसल्या होत्या. डोक्यावर हेल्मेट, मांडीवर थंड पेटी, पेटीचा पट्टा गळ्यात आणि हात पाठीमागे. कुणी पाहिलं असतं तर त्याला वाटलं असतं, ही बाई त्या बाईला पळवून नेते आहे. पण चढाच्या माथ्यावर सकाळच्या त्या वेळी माणूस नव्हतं. एक कुत्रं होतं. त्याने बघून न बघितल्यासारखं केलं आणि ते आपल्या वाटेने गेलं.

चढ चढताना वहिनीने हात बांधले नव्हते. चढाचं काही नव्हतं. उताराचं होतं. इथून रस्ता खाली जायचा, मध्ये पाण्याच्या टाकीला वळसा घालायचा आणि थेट त्यांच्या फाटकाशी पोचायचा. त्या वळशावरच तिच्या नवऱ्याचा गुडघा गेला होता. आणि तो ज्यांच्यामुळे गेला, त्या तिच्या मागे बसल्या होत्या.

वन्सं रक्त काढायचं काम करायच्या. लॅबची पेटी घेऊन घरोघर जायचं, म्हाताऱ्यांच्या, आजाऱ्यांच्या, पोटुश्या बायकांच्या दंडाला रबरी पट्टा बांधायचा, शीर चाचपायची, सुई घालायची आणि काचेच्या नळ्या भरून बर्फात ठेवायच्या. हात असा हलका की लहान पोरंसुद्धा रडायची विसरायची. सुई आत जाताना त्या हळूच म्हणायच्या:

मुंगी आली, चावून गेली,
साखर घेऊन घरी गेली.

साखर तपासायला रक्त देणारे आजोबा त्यावर म्हणायचे, "ने बाई, सगळीच ने."

लॅबचा नियम होता की या कामावर जोडी हवी. एकाने गाडी चालवायची, एकाने सुई धरायची, कारण पेटी रस्त्यावर एकटी सोडून चालत नाही. वर्षानुवर्षं ती जोडी बहीण-भावाची होती. वन्सं मागे, भाऊ पुढे. भावाला लॅबमधले लोक 'वारा' म्हणायचे, आणि गल्लीनेही ते नाव उचललं होतं. कारण घरी येताना तो उताराच्या माथ्यावर क्लच दाबून धरायचा आणि तसाच खाली यायचा. इंजिन नुसतं कुजबुजायचं, चाकं आपली आपण पळायची. पेट्रोल वाचतं, असं तो सांगायचा. खरं म्हणजे त्याला ते आवडायचं. माथ्यापर्यंत गाडीचा आवाज यायचा आणि मग एकदम थांबायचा. तो थांबला की वहिनी चहाचं आधण ठेवायची. बाकीच्या बायका नवऱ्याच्या आवाजाची वाट बघतात, ही आवाज थांबण्याची बघायची. आधण उकळेतो तो दारात.

त्या दिवशी आवाज थांबला, आधण उकळलं, आटलं, आणि दारात कुणी आलं नाही.

"ताईने पेटी सावरायला अंग टाकलं," दवाखान्यात तो म्हणाला. पाय कमरेपर्यंत पट्ट्यांत होता. "वळणावर. मी काय करणार? गाडी गेली."

वहिनीने वन्संकडे पाहिलं. त्यांची हनुवटी फाटली होती, टाक्यांवर कापूस होता.

"खरं आहे?"

वन्सं भावाच्या पायाकडे बघत होत्या.

"हो," त्या म्हणाल्या. "मी हलले."

एवढंच. माफी नाही, रडणं नाही. 'मी हलले', जसं कुणी सांगावं की दार मी उघडं ठेवलं.

तेव्हापासून वहिनी वन्संशी भांडली नाही. भांडली असती तर एका दिवसात निचरा झाला असता. तिने बोलणंच भिंतीकडे वळवलं. "कुणाला चहा हवा असेल तर ओट्यावर आहे." "कुणाची औषधं संपली असतील तर कुणी सांगावं." वन्संचं ताट ती वाढायची, पण ताट ठेवताना आवाज करायची. वन्संचे कपडे दोरीवर असले तर आपले कपडे काढून खुर्चीवर वाळत घालायची. वरच्या मजल्यावरची मावशी गॅलरीतून सगळं बघायची आणि जिन्यात भेटली की म्हणायची, "तुझ्या जागी मी असते ना, तर एका घरात राहिले नसते गं. भावाचा पाय मोडून बहीण धडधाकट फिरतेय." वहिनी त्यावर काही बोलायची नाही. पण ते बोलणं ती घरात घेऊन यायची आणि रात्रभर उशाशी ठेवायची.

गुडघा वाकणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. नवऱ्याला गाडी आता आयुष्यात नव्हती. लॅबच्या मॅडमनी काही दिवस वाट पाहिली आणि मग बोलावून घेतलं. "हात तुमच्या नणंदेचा सोन्यासारखा आहे, पण हात चालत जाऊ शकत नाही. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी जोडी घेऊन या. नाहीतर मला दुसरी बघावी लागेल. रक्त कुणासाठी थांबत नाही."

म्हणून वहिनी गाडी शिकली. नवऱ्याने शिकवली, फाटकासमोरच्या मैदानात, दोन काखांत दोन कुबड्या घेऊन. शिकवायला लागला की तो पुन्हा पहिल्यासारखा दिसायचा. "अगं, हँडलला लोंबकळू नकोस, ते तुझं माहेर नाही." "आरशात चेहरा नको बघू, रस्ता बघ." ती हसायची, पडायची, उठायची. मग त्याने वाळूचं पोतं मागच्या सीटवर बांधायला लावलं आणि मैदानात फेऱ्या मारायला लावल्या. "हे बघ, मागचं माणूस म्हणजे पोतंच. फक्त पोतं हलत नाही."

आणि उतार तिला त्याने वेगळा शिकवला. ती एकटीच गाडीवर, तो खाली फाटकाशी. जायच्या आधी तिची डावी मूठ आपल्या मुठीत घेऊन त्याने तिची बोटं क्लचवर मिटवली.

"माथ्यावर आलीस की क्लच दाब. पूर्ण. धरूनच ठेव. आणि मग ऐक."

"काय ऐकू?"

"काहीच ऐकू येणार नाही. तेच ऐक."

ती एकटी खाली आली होती तेव्हा खरंच काही ऐकू आलं नव्हतं. कानांवरून वारा गेला, बस्स. एवढी वर्षं हा माणूस रोज संध्याकाळी काय घेऊन घरी यायचा, ते तिला त्या दिवशी कळलं. वळणाला ब्रेक नुसता टेकवावा लागला. खाली पोचली तेव्हा तिचे डोळे भरले होते, आणि तो कुबड्या सावरत म्हणत होता, "कळलं? आता तूच वारा."

वन्सं तेव्हा दोरीपाशी होत्या. ओला टॉवेल झटकता झटकता त्या म्हणाल्या, "उतारावर क्लच सोडून गिअरमध्येच ठेवत जा गं. मागे माणूस असेल तेव्हा."

वहिनी कितीतरी दिवसांनी सरळ त्यांच्याकडे वळली. "तुम्ही मला गाडी शिकवणार?"

वन्संनी टॉवेल दोरीवर टाकला, त्याची टोकं जुळवली आणि त्या आत गेल्या.

काल रात्री जेवताना उद्या दोघींनी पहिल्यांदा उतार उतरायचा, हे ठरलं. नवरा घास चावता चावता म्हणाला, "ताईला हात बांधूनच बसवायला हवी." आणि हसला. वन्संही थोडं हसल्या. वहिनी हसली नाही. तिने ओढणी आज सकाळी निघतानाच खांद्यावरून काढून हँडलला गुंडाळली होती.

*

"पेटीतल्या नळ्या भरल्यात?" गाडीला किक मारायच्या आधी वहिनीने समोर बघत विचारलं.

"भरल्यात. पाण्यात लाल शाई घातलीय. सांडलं तर दिसेल."

"दिसेलच."

गाडी सुरू झाली. वहिनीने पहिला गिअर टाकला, दुसरा टाकला, माथ्याचा सपाट तुकडा संपला, आणि रस्त्याने खाली मान घातली. तिने क्लच दाबला. पूर्ण. इंजिन कुजबुजायला लागलं.

कानांवरून वारा आला. पण हा वारा त्या दिवशीचा नव्हता. तो पहिल्याच क्षणी मोठा होता आणि वाढत होता. मागून कुणीतरी ढकलत असावं तशी गाडी पळायला लागली. वहिनीच्या मनात पहिलं आलं ते हेच, की ढकलतायत, पुढे रेलल्यायत. तिने दात खाऊन म्हटलं, "हलू नका!" पाठीला फक्त पेटीचा कोपरा लागत होता, एकाच जागी.

टाकी आली. वळण आलं. तिने ब्रेक टेकवला, आणि गाडीने त्याला दाद दिली नाही. तिने ब्रेक दाबला. मागचं चाक घसटलं, किंचाळलं. गाडी वळेचना. हँडल टाकीकडे होतं आणि गाडी सरळ बाहेरच्या कठड्याकडे निघाली होती, डांबर सोडून खडीवर आली होती, खडी खालून गोळ्यांसारखी उडत होती. वहिनी शिकवलेलं सगळं एका झटक्यात विसरली. भीतीने तिची डावी मूठ आपोआप उघडली.

इंजिन ओरडलं. सगळी गाडी एकदम मागे ओढली गेली, जसं सुटलेल्या जनावराचं दावं कुणीतरी हातात पकडावं. एक हिसका, दुसरा हिसका, मग इंजिन धाप टाकून बंद पडलं आणि कठड्याच्या अलीकडे गाडी उभी राहिली.

उभी राहिली म्हणजे कलली. खडीत वहिनीचा डावा पाय रुतला आणि सगळं वजन त्या पायावर आलं, गाडीचं, तिचं, मागच्या बाईचं. गाडी पडली तर मागची बाई तोंडावर पडणार होती. पुढे धरायला तिला हात नव्हते.

हे वहिनीला तेव्हा कळलं.

"वन्सं!"

"आहे." आवाज अगदी कानाशी होता आणि शांत होता. "पाय टाच टेकवून धर. घाई नको. मी हलत नाही."

वहिनीच्या मांडीला कापरं भरलं. मागे कुणीतरी हळू, श्वासात म्हणत होतं, मुंगी आली, चावून गेली. मुंगी आली, चावून गेली. वहिनीने ओठ चावला, टाच रोवली, कमरेतून जोर काढला, आणि बोटाबोटाने गाडी सरळ झाली.

स्टँड लावून ती उतरली. ती गाडीच्या मागे आली. ओढणीची गाठ बांधली तशीच होती. खोचलेलं टोकसुद्धा खोचलेलंच होतं. मनगटांभोवतीची कातडी लाल झाली होती. तिने पेटीचं झाकण उघडलं. नळ्या उभ्या होत्या, ओळीने, बर्फात. लाल थेंब कुठेही नव्हता.

तिने मान वर केली. कठड्याच्या दगडावर, तिच्या पुढच्या चाकापासून हातभर अंतरावर, निळा ओरखडा होता. गाडीचा रंग निळा होता. टाकीपासून या दगडापर्यंत खडीत तिच्या चाकाने ओढलेली रेघ सरळ त्या ओरखड्याकडे जात होती. जणू कुणी तिला ती वाट आधीच आखून दिली होती.

वहिनी ती रेघ बघत राहिली. मग तिने आपली डावी मूठ बघितली. मिटली. उघडली.

"त्या दिवशीही असंच," ती म्हणाली. तिने विचारलं नव्हतं, म्हटलं होतं.

वन्संनी दगडाकडे पाहिलं नाही.

"तुम्ही हलला नव्हता."

"गाठ सोड गं आधी. हाताला मुंग्या आल्यात. खऱ्या."

"वन्सं, मी काय विचारतेय?"

"तू विचारत नाहीयेस. तू सांगतेयस."

वहिनी गाठीला भिडली. स्वतःच आवळलेली गाठ, आता सुटेना. नखं लावली, नखं मोडली. शेवटी ती खाली वाकली आणि दातांनी गाठ ओढायला लागली. ओढणीला तिच्याच घामाची चव होती. वाकल्या वाकल्या, दातांत कापड धरून, ती बोलत होती आणि अर्धे शब्द कापडात जात होते.

"मग हो का म्हणालात? दवाखान्यात. मी विचारलं होतं. सरळ विचारलं होतं तुम्हाला."

"त्याचा पाय गेला होता," वन्सं म्हणाल्या. "डॉक्टर आधी माझ्याशी बोलले होते. मला माहीत होतं, तो पुन्हा गाडीवर बसणार नाही. सगळं गेलं होतं त्याचं. एवढं एक उरलं होतं, की चूक आपली नव्हती. तेही काढून घ्यायचं?"

"त्यांना माहीत आहे?"

"नसेल. तो पडला तेव्हा मी त्याच्यावर पडले. त्याला वाटलं असेल, आधी मी हलले. माणसाला जे वाटून घ्यायचं असतं ते लवकर वाटतं." त्या थोड्या थांबल्या. "आई गेली तेव्हा तो माझ्या कडेवर होता गं. त्याचं नाक मी पुसलंय, परीक्षेत तो नापास झाला तर मार मी खाल्लाय. सवय लागते."

गाठ सुटली. ओढणी खडीत पडली. वन्संनी हात पुढे आणले, हळू, दुसऱ्याचे असावेत तसे, आणि मनगटं चोळायला लागल्या. वहिनीला वाटलं, आता आपल्याला रडू येईल. ते आलं नाही. आला तो राग.

"तुमची सवय!" ती ओरडली. टाकीवरची कबुतरं उडाली. "तुम्हाला सवय, त्यांना सोय. आणि मी? मी इतके दिवस तुमचं ताट आपटलं. भिंतीशी बोलले. वरच्या मावशीने तुम्हाला काय काय म्हटलं आणि मी उभी राहून ऐकून घेतलं. आज मी तुमचे हात बांधले, वन्सं! गुरासारखे बांधले. आत्ता गाडी पडली असती तर तुमचं तोंड त्या दगडावर..." तिने दगडाकडे बोट केलं. "तुमचं मन मोठं, ते तुमच्यापाशी ठेवा. त्यापायी माझं केवढंसं झालं, ते बघा."

वन्सं बघत होत्या. हनुवटीवरचा व्रण पांढरा पडला होता. त्या शब्द चाचपत होत्या. सुई धरणाऱ्या त्या बाईला पहिल्यांदाच शीर सापडत नव्हती.

"मला ते सुचलं नाही गं," शेवटी त्या म्हणाल्या. "त्याचंच सुचलं. तुझं नाही सुचलं."

खालून, टाकीच्या पलीकडून, नवऱ्याची हाक आली. "काय झालं? आलात का?"

वहिनीने ओढणी उचलली, झटकली नाही, तशीच खडीसकट हँडलला गुंडाळली.

"गाडी ढकलत नेऊ," वन्सं म्हणाल्या. "पाय कापतायत तुझे."

"कापू देत."

*

नवरा फाटकाच्या बाहेर येऊन उभा होता. कुबड्यांवर पुढे झुकलेला, मान ताणलेली. वरच्या गॅलरीत मावशी कठड्यावर कोपरं टेकून उभी होती, हातात निवडायची भाजी, पण नजर खाली.

गाडी ढकलत आलेल्या दोघींना बघून तो आधी घाबरला. मग कुणाला लागलेलं नाही हे पाहिल्यावर त्याचा चेहरा सैल झाला आणि मग पुन्हा घट्ट झाला.

"मी चाक किंचाळलेलं ऐकलं. काय झालं? हलली ना ताई?"

वरून मावशी म्हणाली, "मी म्हटलंच होतं."

वहिनीने स्टँड लावला. ती नवऱ्याच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली आणि वन्संचा हात धरून तिने वर केला. मनगटावर ओढणीची वीण उमटली होती.

"यांचे हात बांधले होते," ती म्हणाली. "मागच्या दांडीला. तुमचंच ऐकून."

"अगं, मी गंमत..."

"मी गंमत नाही केली. गच्च बांधले होते. पोत्यापेक्षा गच्च. आणि गाडी तिथेच गेली. त्याच दगडाकडे. तुमच्या निळ्या ओरखड्यापासून हातभर."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग बहिणीच्या मनगटाकडे.

"क्लच सुटला म्हणून वाचलो," वहिनी म्हणाली. "सुटला म्हणून."

त्याची डावी मूठ कुबडीच्या दांड्यावर होती. त्या मुठीची चार बोटं हळूच उचलली गेली आणि हळूच मिटली. घट्ट. अशी मिटली की नखं पांढरी पडली. त्याने स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. बराच वेळ ती तशीच मिटलेली होती. त्याला ती उघडता येत नसावीत, किंवा उघडायची नसावीत.

"बाळा, आत चल," वन्सं म्हणाल्या. "उन्हात उभा राहू नकोस."

"नाही," वहिनी म्हणाली. "त्यांना उभं राहू दे. वन्सं, बसा गाडीवर."

"आता?"

"आताच. सोमवारी लोक वाट बघत असणार. मला उतार यायला हवा."

वन्संनी भावाकडे पाहिलं, मग वहिनीकडे, आणि पेटीचा पट्टा गळ्यात घातला. चढून बसल्या. बसून झाल्यावर त्यांनी आपले दोन्ही हात हवेत धरले, जसे धुऊन ओले हात धरतात.

"हे कुठे ठेवू?"

वहिनी आरशात बघत होती. आरशात रस्ता होता.

"तुम्हाला हवे तिथे ठेवा."

माथ्यावर गाडी वळवून वहिनी क्षणभर थांबली. दुसरा गिअर टाकला. डाव्या हाताची बोटं क्लचवर होती. ती एकेक करून तिने उचलली आणि हँडलच्या रबराला गुंडाळली. रस्त्याने खाली मान घातली तसं इंजिन गुरगुरायला लागलं. गाडी इंजिनाच्या पकडीत राहिली. कुरकुरत, रागावत, पण राहिली. टाकी आली तेव्हा वहिनीने वळणाच्या आधीच ब्रेक टेकवला, आणि मागच्या बाईचं अंग तिच्या अंगासोबत टाकीच्या बाजूला कललं, एका वेळी, एवढंच, जितकं हवं तितकंच. वर्षानुवर्षं असंच कलत आलेलं अंग होतं ते. वहिनीच्या कमरेवर दोन हात होते. त्यांनी धरलं नव्हतं, नुसते टेकले होते, शीर चाचपताना टेकतात तसे.

आवाज वळणावरून खाली गल्लीत शिरला, भिंतींवर आपटला. एवढ्या वर्षांत त्या उतारावरून त्यांच्या घरी आवाज कधी आला नव्हता. मावशी भाजी सोडून गॅलरीच्या टोकाला आली.

नवरा फाटकाशी तसाच उभा होता. गाडी त्याच्यासमोर येऊन थांबली. वहिनीने एक पाय टेकवला आणि गिअर काढला. मागे वन्सं हलल्या नाहीत.

त्याने वर गॅलरीकडे पाहिलं. मग मान खाली घातली. मग त्याने बहिणीकडे पाहिलं आणि तो काहीतरी म्हणाला. ओठ हलले ते 'ताई' म्हणताना हलतात तसे हलले, आणि पुढे आणखी काही. इंजिनाच्या आवाजात ते ऐकू आलं नाही.

चावी वहिनीच्या हाताशी होती. तिने ती फिरवली नाही. उजव्या मुठीने आवाज होता तेवढाच धरून ठेवला आणि ती नवऱ्याकडे बघत बसून राहिली.

त्याला पुन्हा म्हणावं लागणार होतं. गॅलरीपर्यंत पोचेल, एवढ्या मोठ्याने.